अठरा बाय अठराचा बगीचा

अमरावतीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तो कॉम्प्युटरवर नकाशे काढायचा. त्याचं नाव मी विचारलं नाही. शेंदूरजनाघाटचा आमचा संत्र्याचा बगीचा तोडून प्लॉट पाडायचे होते, त्या कामाला गेलो होतो. मला घाई होती, त्याला नव्हती.

आधी जमीन आहे तशी दाखवावी लागते, म्हणाला. बाग दाखवायला सॉफ्टवेअरमध्ये तयार ठिपके होते, पण ते त्याला चालत नव्हते. "त्या ठिपक्याले सावली नाही." त्याने स्वतःचं एक झाड करून ठेवलं होतं. बारीकसा गोल आणि एका अंगाला सावलीची रेघ. अठरा बाय अठरा फुटांवर तेच झाड आपोआप उमटत जाई. त्याने बांधाच्या आत क्लिक केलं आणि आमचा अख्खा बगीचा पडद्यावर उभा राहिला. तो बोटाने ओळी मोजत राहिला.

"नाल्याकडची झाडं वाळलीत हो," मी म्हणालो.

"याच्यात एकच झाड वाळवता येत नाही, साहेब. एक वाळवलं का सगळेच वाळते." मग चष्मा पुसत म्हणाला, "आमच्या बगीच्यातबी तसंच झालं."

मी सोबत आणलेला प्लॉटचा कच्चा आराखडा त्याच्यापुढे सरकवला. खिडकीकडे बघत त्याने बटण दाबलं. पडदा पांढरा झाला. माझ्या वडिलांनी खणलेली विहीर तेवढी मधोमध उरली.

"इहीर ठेवू?"

मी त्याला त्या जागी येणाऱ्या प्लॉटचा नंबर सांगितला.