गोळ्या मात्र चालू ठेव

लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस सेहेचाळीस वर्षांचा होईपर्यंत आपल्या वजनाबद्दल कधी लाजला नव्हता. एकशे आठ किलोंचा देह, आणि थोरल्या बहिणीनं लहानपणी ठेवलेलं नाव छोट्या. कामावर कुणी नवीन आलं की त्याचा जोडीदार मुद्दाम गंभीर चेहऱ्यानं ओळख करून द्यायचा, "हे आमचे छोटे." सगळे हसायचे, आणि सगळ्यांत मोठ्यानं हा.

ते हसणं एका मंगळवारी सकाळी बंद पडलं.

सात मजल्यांची जुनी कचेरी होती. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती, आत तीन माणसं. अशा वेळी वर मशीनच्या खोलीत जायचं, हातानं ब्रेक सैल करायचा आणि चाक फिरवत डबा जवळच्या मजल्याला आणून टेकवायचा. हे काम तो डोळे मिटून करायचा. पण त्या इमारतीत मशीनच्या खोलीला जिना नव्हता. लोखंडी शिडी होती आणि शिडीच्या टोकाला छतात एक चौकोनी झडप. त्याचं डोकं वर गेलं, खांदे तिरके करून तेही गेले, आणि कमरेला गाडी थांबली. वर जाता येईना, खाली येता येईना. जोडीदारानं खालून पाय धरून ओढलं तेव्हा शर्टाची बटणं तुटून खाली पडली आणि शिडीभोवती जमलेल्या कारकुनांपैकी एकानं ती वेचून त्याच्या हातात दिली. मग पंचावन्न वर्षांचा, दुखऱ्या गुडघ्यांचा जोडीदार वर चढला. आतली माणसं चाळीस मिनिटांनी बाहेर आली. त्यातल्या एका बाईंनी त्याच्याकडे पाहून म्हटलं, "तुम्ही बसा हो जरा. पाणी आणू का?"

कुणी टोमणा मारला असता तर त्यानं परतवला असता. पण त्या आपुलकीनं तो मेल्याहून मेल्यासारखा झाला.

पुढच्या आठवड्यापासून साहेबांनी त्याला तळमजल्याची कामं द्यायला सुरुवात केली. का, ते कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

त्याच सुमारास त्यानं मोबाइलवर एका माणसाचं बोलणं ऐकलं. पाव बंद, भात बंद, बटाटा, साखर, फळं, सगळं बंद. अंडी, मांस, मासे, लोणी, पालेभाज्या पोटभर खा. पहिल्या आठवड्यात चार किलो उतरले. त्यानं वजनकाटा खिडकीपाशी उजेडात नेऊन पुन्हा पाहिला. अडीच महिन्यांत बारा किलो. पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली. लोक रस्त्यात थांबवून विचारू लागले आणि प्रत्येक कौतुकासरशी अंगावर मूठभर मांस चढू लागलं, ते मात्र काट्यावर दिसत नव्हतं.

त्याची बायकोही त्याच वेळी वजन उतरवत होती. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तिला सांगितलं होतं की सगळं खा, पण ताट लहान घे, अर्धं ताट भाजीनं भर, आणि रोज पाऊण तास चाल. ती पाव खायची, एक तुकडा. भात खायची, एक वाटी. तिचं अडीच महिन्यांत दोन किलो उतरलं होतं.

"तुझी गोगलगाय कुठवर आली?" तो विचारायचा.

"येतेय," ती म्हणायची. "तुम्ही पुढे जाऊन चहा ठेवा. बिनसाखरेचा."

त्याला वाटायचं, हिला आपला हेवा वाटतो.

त्याची ताई दोन रस्ते पलीकडे राहायची, मुलीबरोबर. आई लवकर गेली तेव्हा हा आठ वर्षांचा होता आणि ताई पंचविशीची. तिनंच त्याला वाढवलं. आता ती त्रेसष्ट वर्षांची होती, वाचनालयातल्या नोकरीतून निवृत्त झालेली. वजन बरंच होतं, आणि अकरा वर्षं साखरेचा आजार, सकाळ-संध्याकाळ गोळ्या. एका रविवारी हा तिच्याकडे गेला. स्वयंपाकघरात उभं राहून त्यानं तिला आपला सैल पट्टा दाखवला, मग घरून आणलेल्या वहीच्या कागदावर दोन रकाने आखून चिठ्ठी करून दिली. डावीकडे काय खायचं, उजवीकडे काय नाही.

ताईनं चष्मा लावून ती वाचली. "माझ्या डॉक्टरीणबाईंना विचारते आधी."

"त्या काय सांगणार? अकरा वर्षं गोळ्याच देतायत. मी समोर उभा आहे ना तुझ्या. माझ्यावर विश्वास नाही?"

"तसं नाही रे."

"मग झालं तर."

ताईनं चिठ्ठीची घडी घातली. थोड्या वेळानं विचारलं, "आणि गोळ्यांचं काय करू?"

इथं तो क्षणभर थांबला. औषधाशी खेळू नये, एवढी अक्कल आपल्याला आहे, असं त्याला वाटलं. "गोळ्या मात्र चालू ठेव," तो म्हणाला. "त्यात बदल नको करूस."

चिठ्ठी ताईनं औषधांच्या खणात ठेवली, मुलीला दाखवली नाही. पोरगी उगाच वाद घालेल, असं तिला वाटलं. भाची चष्म्याच्या दुकानात कामाला होती, साडेआठला घरी यायची. तोवर ताई चिठ्ठीतलं डावीकडचं खाऊन "माझं झालं जेवून" म्हणून मोकळी व्हायची.

नवव्या दिवशी दुपारी ताई बसथांब्यावर पडली. लोकांना वाटलं, ऊन लागलं. अंगाला दरदरून घाम सुटला होता, आणि ती काय बोलतेय ते कुणाला कळत नव्हतं. कपाळाला खोक पडली, डावं मनगट मोडलं. दवाखान्यात नेल्यावर रक्तातली साखर पाहिली तर ती इतकी खाली गेली होती की आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं.

हा बायकोबरोबर पोहोचला तेव्हा ताई शुद्धीवर आली होती. हाताला सलाईन, कपाळाला पट्टी. भाची उशाशी उभी, दुकानाचा बिल्ला अजून छातीवर. डॉक्टरीणबाई कागद बघत होत्या.

"या गोळ्या घेऊन उपाशी राहायचं नसतं, हे तुम्हाला ठाऊक आहे," त्या ताईला म्हणाल्या. "काय खाल्लं होतं आज?"

ताईनं एकदाच भावाकडे पाहिलं. मग छताकडे नजर लावली. "कंटाळा केला हो. एकटीसाठी काय करायचं. सकाळपासून तशीच होते."

"आणि असं किती दिवस चाललंय?"

"आठ-दहा दिवस."

डॉक्टरीणबाई भाचीकडे वळल्या. "तुम्ही एकाच घरात राहता ना? आई आठ-दहा दिवस नीट जेवत नाही आणि तुमच्या लक्षात येत नाही?"

भाची म्हणाली, "मी उशिरा येते. ती म्हणायची, जेवले."

"म्हणणारच. बघायला नको?"

भाची रडू लागली. मोठ्यानं नाही, बिल्ल्याकडे मान घालून. हा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता, दोन हात लोखंडी दांड्यावर. बोलायला तोंड उघडलं असतं तर तीन शब्द पुरले असते, मी सांगितलं होतं. त्याला वाटलं, आता बोलतो. मग वाटलं, बाई गेल्या की बोलतो. बाई गेल्या. भाची डोळे पुसत म्हणाली, "मामा, माझंच चुकलं रे." आणि त्यानं, पुढे ज्याची नुसती आठवण आली की कान तापायचे ते केलं. त्यानं तिच्या पाठीवर थोपटलं.

घरी बायकोनं काही विचारलं नाही. तिला सगळं माहीत होतं. चिठ्ठीचा कागद तिच्याच वहीतून फाडलेला होता. तिनं त्याच्यापुढे नेहमीप्रमाणे तीन अंडी आणि पालेभाजी ठेवली. त्यानं ताट बाजूला सारलं.

"बोल की काहीतरी," तो म्हणाला.

"मी काय बोलणार?" ती म्हणाली. "बोलायचं मला नाहीये."

चौथ्या दिवशी ताई घरी आली. हा भेटायला गेला. भिंतीवर एक नवा तक्ता दिसला. भाचीनं रेघा मारून तयार केलेला, आईच्या प्रत्येक जेवणाची वेळ, त्यापुढे खूण करायला चौकट. दुकानातून तिनं पंधरा दिवसांची बिनपगारी रजा घेतली होती. ती बाजारात गेली होती, म्हणून त्यानं ताईला विचारलं, "तू खोटं का बोललीस?"

ताई प्लास्टरमधला हात उशीवर नीट ठेवत म्हणाली, "तू किती वर्षांनी एवढा खुशीत होतास. आल्या आल्या पट्टा दाखवलास. म्हटलं, याचं कौतुक चाललंय, त्यात आपण कशाला."

"आणि तिला बोलणी बसली ती?"

ताईचा चेहरा उतरला. "ते असं होईल असं वाटलं नव्हतं. मी सांगते तिला."

"नको," तो म्हणाला. "मी सांगतो."

तरी त्याला आठ दिवस लागले. दोनदा तो तिच्या दारापर्यंत जाऊन परत आला. एकदा भाचीनं दार उघडलं, तर तो "पिशवी द्यायला आलो" म्हणाला आणि हातातली, स्वतःच्याच घरची भाजीची पिशवी देऊन आला. भाजी कुठे गेली म्हणून बायकोनं विचारलं तेव्हा त्याला ते सांगतानाही लाज वाटली.

शेवटी ताईच्या तपासणीच्या दिवशी तो तिच्या आणि भाचीच्या सोबत गेला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांबद्दल सुरुवात करताच तो मध्येच बोलला. खुर्ची होती, पण बसला नाही. चिठ्ठी, दोन रकाने, माझ्यावर विश्वास नाही का, गोळ्या मात्र चालू ठेव, सगळं सांगितलं. सांगताना समोरच्या वजनकाट्याकडे बघत होता.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "पाव-भात बंद करून वजन उतरतं," त्या म्हणाल्या. "तुमचं उतरलंच. पहिले तीन-चार किलो बहुतेक पाणीच असतं, म्हणून जादू वाटते. पुढचं खरं असतं. काही लोकांना ते झेपतं, पुष्कळांना वर्षभरही टिकवता येत नाही. हळूहळू, सगळं खाऊन उतरवणारे वर्षअखेर साधारण त्यांच्याच बरोबरीला येतात. पण यांच्या गोळ्या साखर खाली ओढतात. जेवणातला पाव, भात, साखर काढली तर गोळ्याही कमी कराव्या लागतात, आणि ते आम्ही बघून ठरवतो. मला एक फोन केला असता तर पुरलं असतं." मग भाचीकडे वळून त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुम्हाला बोलले. माझी चूक झाली."

भाची मामाकडे बघत होती. लहानपणापासून ती त्याला अरे-तुरे करायची, खांद्यावर बसून कान ओढायची.

"मामा," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही तिथेच उभे होतात."

त्यानं मान डोलावली.

बाहेर आल्यावर ती आईचा चांगला हात धरून पुढे चालू लागली. हा चार पावलं मागून. त्या 'तुम्ही'नं त्याच्या छातीत जे रुतलं ते बारा किलो उतरल्यानं किंवा चढल्यानं कमी-जास्त होणारं नव्हतं.

त्यानं तो कडक आहार सोडला. प्रायश्चित्त म्हणून नव्हे. ताटात अंडं दिसलं की बसथांबा दिसायचा. पावाला हात लागताच महिन्याभरात पाच किलो परत आले. एका संध्याकाळी बायको चालायला निघाली तेव्हा तो चपला घालून दारात उभा राहिला. तिनं थट्टा केली नाही. तिचा वेग पहिले दोन आठवडे त्याला जमला नाही. कोपऱ्यावर ती थांबायची, दुसरीकडेच बघत, म्हणजे त्याला धाप लागलेली दिसू नये. लहान ताट, एक वाटी भात, अर्धं ताट भाजी. कधी महिन्याला किलो, कधी काहीच नाही, एका महिन्यात तर उलट अर्धा किलो वाढलं. वर्षअखेर तो त्र्याण्णववर आला. या वेळी त्यानं कुणाला पट्टा दाखवला नाही.

ताईलाही त्या आहारतज्ज्ञ बाईंनी तिच्यापुरतं जेवण ठरवून दिलं, गोळीची मात्रा बघून. तिचं चार किलो उतरलं. ती भावाशी पूर्वीसारखीच बोलायची, जास्तच मायेनं, आणि त्यानं त्याला अधिकच अवघडल्यासारखं व्हायचं. तो घरी गेला की भाची पाणी द्यायची, विचारपूस करायची. "तुम्ही चहा घेणार?" म्हणायची. पुन्हा अरे म्हण, असं तिला सांगायचा हक्क आपल्याला नाही, हे त्याला कळत होतं.

परवा एका विमा कचेरीत तो दुरुस्तीला गेला होता. दुसऱ्या मजल्याचं दार नीट मिटत नव्हतं. स्वागताच्या टेबलावरच्या, चांगल्या अंगापिंडाच्या बाई म्हणाल्या, "किती बारीक झालात हो तुम्ही. काय केलंत, मलाही सांगा ना."

पूर्वी त्यानं खिशातून पेन काढलं असतं. आता त्यानं विचारलं, "कसल्या गोळ्या चालू आहेत का तुम्हाला?"

"आहेत. साखरेच्या. का?"

हत्यारांची पिशवी खाली ठेवून त्यानं त्यांना सगळं सांगितलं. परक्या माणसाला पहिल्यांदाच. चिठ्ठी सांगितली, बसथांबा सांगितला, आणि जे न सांगताही चाललं असतं तेही सांगितलं, की भाची रडत होती आणि मी तिच्या पाठीवर थोपटत होतो.

बाईंनी विचारलं, "आणि ताई?"

"बरी आहे. मनगट जरा वाकडं राहिलं," तो म्हणाला. "आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. मला नका विचारू."

मग पिशवी उचलून तो जिन्यानं दुसऱ्या मजल्याकडे निघाला.