शिखरावर बाबांचा आवाज

सपाट देशात राहिलं की माणसाला डोंगराचं वेड लागतं. आमच्या उइटहॉर्न या डच गावात सगळ्यात उंच काय, तर नदीवरचा पूल. त्यावर सायकल चढवताना मला धाप लागते आणि मागून बाबा ओरडतात, "वा, घाट चढलीस!" बाबा म्हणजे माझे वडील, पिंपरीहून आमच्याकडे राहायला आलेले. आल्या दिवसापासून त्यांचं एकच टुमणं, एकदा बर्फाचा डोंगर दाखव, मग मी मरायला मोकळा. "मरायचं काय मध्येच!" मी खेकसायची. शेवटी उन्हाळ्याच्या सुट्टीत जमलं आणि आम्ही ऑस्ट्रियात एका तळ्याकाठी सुट्टीपुरतं घर भाड्यानं घेतलं.

एका कुटुंबाला ते मोठं पडत होतं, म्हणून मैत्रिणीलाही सोबत घेतलं. ती, तिचा नवरा आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी. दोन गाड्या, सहा माणसं, आणि दोन महिने पुरेल एवढं खाणं. या मैत्रिणीबद्दल सांगायला हवं. तीही मराठीच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. माझं ऑपरेशन झालं तेव्हा नवरा भारतात अडकला होता, तर हिनं मला आंघोळ घालण्यापासून सगळं केलं. सख्खी बहीण करणार नाही असं केलं. या देशात माझं म्हणावं असं एकच माणूस, ते ती.

आणि या माणसाला मी एक गोष्ट सांगितली नव्हती. आम्ही बौद्ध आहोत.

लपवलं नव्हतं हो! तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून कुणाला काही कळत नाही. दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती आहे, पण इथे तीही काही बोलत नाही. इथे प्रत्येक दुसऱ्या डच घराच्या खिडकीत झाडं-कुंड्यांच्या दुकानातून आणलेला बुद्ध बसलेला असतो, शेजारी मेणबत्ती आणि निवडुंग. भीमजयंतीच्या कार्यक्रमाला आम्ही रायस्वाइक गावी जायचो आणि मी तिला सांगायची, एक फंक्शन आहे. कसलं, असं तिनं एकदाही विचारलं नाही. मला ते बरंही वाटायचं आणि खटकायचंही. तिच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. मी जाते, आरतीला टाळ्या वाजवते, मोदक हाणते आणि घरी येते. चाललं होतं आपलं छान.

पहिली संध्याकाळ फार सुंदर गेली. तळं हिरवंगार, पलीकडे डोंगर सरळ पाण्यातून वर आलेला. बाबा माकडटोपी घालून लाकडी धक्क्यावर उभे, आजूबाजूला लोक चड्डीवर पोहतायत. मैत्रीण हसून हसून लोळायची बाकी होती. तिच्या मुलीनं तर बाबांना ताब्यातच घेतलं. ती मराठी समजते, उत्तर मात्र इंग्रजीत नाहीतर डचमध्ये देते. बाबा बोलायचे मराठीत. दोघांचं एकमेकांवाचून काही अडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिखर. खाली केबल कारच्या तिकीट खिडकीशी एक टीव्ही लावलेला असतो, वर कसं दिसतंय ते दाखवणारा. त्यावर नुसता पांढरा पडदा. माझा नवरा म्हणाला, उद्या येऊ. बाबा म्हणाले, "ढग तर ढग. तिथे उभं तरी राहू." गेलो. वर पोचलो तर स्वतःचा हात दिसायची मारामार. कठडा कुठे, दरी कुठे, बर्फ कुठे, काही म्हणजे काही कळेना. बाबांनी एका पांढऱ्या ढिगाला हात लावला आणि समाधानानं म्हणाले, "आहे, आहे."

मैत्रीण माझ्याशेजारी थर्मासमधला चहा ओतत होती. तेवढ्यात ढगातून चार-पाच माणसं बाहेर आली. आपलीच, नागपूरकडची असावीत बोलण्यावरून. एकाच्या निळ्या टोपीवर पांढरं चक्र होतं. बाबांनी ते पाहिलं मात्र, आणि अख्खं शिखर दणाणेल अशा आवाजात घातली साद, "जय भीम!" तिकडून तेवढ्याच जोरात, "जय भीम, साहेब!" मग काय विचारता! मिठ्या, फोटो, कुठले तुम्ही, कुठले आम्ही. बाबांच्या डोळ्यांत पाणी. एवढ्या उंचीवर, एवढ्या लांब, आपलं माणूस भेटलं म्हणून. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

मी वळले तर मैत्रिणीच्या हातातला कप भरून वाहत होता आणि तिचं लक्षच नव्हतं. चेहरा पांढराफटक. "डोकं दुखतंय गं," एवढं म्हणाली आणि नवऱ्याला, मुलीला घेऊन पुढच्या केबल कारनं खाली गेली.

उंचीवर डोकं दुखतं. माझंही जरा ठणकत होतं. त्यामुळे मी मनाला समजावलं. पण संध्याकाळी ती पिठलं करणार होती, ते केलं नाही. "आमचं आम्ही बघतो, तुम्ही जेवून घ्या," असं दाराआडूनच सांगितलं. आमचं आम्ही? काल एका ताटात हात घालून चिवडा खाल्लेली बाई ही! सकाळी स्वयंपाकघरात गेले तर तिचा तवा ओट्यावर नाही. घासून, पुसून, तिच्या पिशवीत ठेवलेला.

त्या तव्यानं माझ्या डोक्याचा पार भुगा केला. एक मन म्हणे, तवा तिचा आहे, ठेवला पिशवीत, त्यात काय? दुसरं मन म्हणे, तिच्या तव्यावर आता आपली पोळी नको, एवढाच अर्थ. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू राईचा पर्वत करतेस. डोकं दुखतंय म्हणाली ना ती?" मी म्हटलं, "डोकं दुखल्यावर कुणी तवे गोळा करतं का?" संशयाची गंमतच अशी असते, की समोरचा काही बोलत नाही आणि आपण मात्र रात्रंदिवस त्याच्या वतीनं बोलत बसतो. ती तशी नाही, मी स्वतःला बजावत होते. मग वाटायचं, ती तशी नाही हे तुला कशावरून माहीत? ती तशी आहे की नाही, हे तपासायची वेळ तरी कधी आली होती?

त्या दिवशी तळ्यावर बोटीनं जायचं ठरलं होतं, तेही रद्द झालं. ते तिघं गाडी घेऊन कुठेतरी निघून गेले. बाबा अंगणात खुर्चीवर बसून डोंगराकडे बघत होते. मी चहा घेऊन गेले तर मला म्हणाले, "मी जरा मोठ्यांदा ओरडलो का गं काल?"

बाबांनी जन्मात कुणासमोर आवाज खाली केला नाही. कारखान्यात साहेबासमोर नाही, माझ्या लग्नात सासरच्यांसमोर नाही. आणि इथे, माझ्या मैत्रिणीचं तोंड बघून, त्यांना स्वतःचा आवाज मोठा वाटायला लागला. मी म्हटलं, बास. मैत्री राहो नाहीतर जावो, आज एक घाव दोन तुकडे.

दुपार कलताना ते परत आले. ती धक्क्यावर जाऊन पाण्यात पाय सोडून बसली. मी तरातरा गेले आणि उभ्यानंच म्हटलं, "काय ते स्पष्ट बोल. बाबांचं ते ऐकून तुला काय झालं?"

ती माझ्याकडे बघेना. पाण्याकडे बघत म्हणाली, "माझे वडील पण तसेच ओरडायचे. अगदी तस्सेच."

"काय ओरडायचे?"

"तेच."

मला कळेचना. म्हणजे शब्द कळत होते, पण ते डोक्यात जाऊन बसायला तयार नव्हते. "तुझे वडील जय भीम कशाला म्हणतील?" मी वेड्यासारखं विचारलं.

"तुझे कशाला म्हणतात?" ती म्हणाली आणि रडायला लागली.

मीही तिच्याशेजारी पाण्यात पाय सोडून बसले. काय काय विचारावं सुचेना, तर तोंडातून निघालं, "मग तो गणपती?"

"तुझ्यासाठी!" ती जवळजवळ किंचाळलीच. "पहिल्या वर्षी तू विचारलंस, तुमच्याकडे गणपती असतो का? मला वाटलं, ही तसली आहे. नाही म्हटलं तर विचारेल का नाही. म्हणून म्हटलं, असतो. मग आणावा लागला. तू काय जोरात टाळ्या वाजवायचीस!"

"मी तुझ्यासाठी वाजवायची!" मी ओरडले. "मला वाटायचं तू तसली!"

आम्ही दोघी अशा हसलो, की शेजारचं बदक उडून गेलं. मला आठवत नाही मी कधी एवढी हसले असेन. आणि हसता हसताच मला तिचा भयंकर राग आला. तिचा, माझा, कुणाचा ते सांगता येणार नाही. इतकी वर्षं दोघी एकमेकींना घाबरून होतो. आणि घाबरायचं ज्यांना, त्यांचा तिथे पत्तासुद्धा नव्हता.

"तवा का उचललास?" मी विचारलं.

"आज निघूनच जाणार होते. काका आज ना उद्या विचारणार, तुम्ही कुठले, वडील काय करायचे. मला खोटं बोलता आलं नसतं त्यांच्याशी." मग तिनं सांगितलं. पुण्यात भाड्यानं राहत होते, हिला सातवा महिना होता. घरमालकाला कुठूनतरी कळलं आणि त्यानं जागा सोडायला लावली. सातव्या महिन्यात ती सामान बांधत होती. "तेव्हाच ठरवलं, बाळाला हे काही कळू द्यायचं नाही. आपल्याबरोबर संपलं." दुधानं तोंड पोळलं की ताकसुद्धा फुंकून पितात, तशी ती इथे येऊनही फुंकतच राहिली. "पोरीला काहीच माहीत नाही गं. काकांना सांगशील? तिच्यासमोर नको म्हणावं."

हो म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार? पण धक्क्यावरून घराकडे निघाल्यावर लक्षात आलं. ज्या माणसाचा आवाज परत मोठा करायला मी गेले होते, त्यालाच जाऊन सांगायचं होतं, की बाबा, हळू. सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

शेवटच्या दिवशी लख्ख ऊन पडलं. राहिलेली बोटीची फेरी करायला आम्ही सगळे गेलो. मैत्रीण मला चिकटून बसली, तिचा नवरा समोर. तो मुळातच कमी बोलतो, त्या दिवशी तर तोंडच उघडलं नव्हतं. बाबा आणि मुलगी कठड्याशी. बोट तळ्याच्या मध्यावर आली आणि एकदम ते शिखर दिसलं, बर्फ, सुळका, माथ्यावर रोवलेला क्रूससुद्धा. बाबांना जे दाखवायचं होतं, ते हे होतं तर!

"आजोबा, आपण तिथे होतो," मुलीनं इंग्रजीत म्हटलं. "तिथे तुम्ही त्या लोकांना काय ओरडलात? त्याचा अर्थ काय?"

नुसतं हॅलो असतं ते, असं म्हणायला मी तोंड उघडलंच होतं. पण बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आईला विचार, बेटा."

मुलगी वळली. मैत्रिणीनं माझं मनगट एवढं घट्ट धरलं की दुखलं. मग म्हणाली, "आपल्या माणसांना भेटल्यावर म्हणतात तसं. आपण पण म्हणतो."

"आपण?" मुलीच्या कपाळावर आठ्या. "कधी? मी तर कधीच ऐकलं नाही."

तेव्हा समोरून तिचा नवरा म्हणाला, "तू व्हायच्या आधी म्हणायचो."

मुलीनं त्याच्याकडे बघितलं, मग आईकडे. आईचे डोळे वाहताना तिनं पाहिले. सहा दिवस आमच्याशी इंग्रजीत बोललेली ती पोरगी मराठीत म्हणाली, "माझ्यामुळे थांबलात?"

बोट धक्क्याला लागली, लोक उतरायला लागले, आणि आमच्यातल्या एकालाही उठता येईना.