मुक्यायच्या कालेजातले आठ दिवस

ब्रह्मपुरीच्या स्टँडबाहेर सावली गावाकडे जाणारी काळीपिवळी (माणशी भाडं घेणारी जीप) भरून निघाली, तेव्हा माझ्या मांडीवर माझी वळकटी होती आणि वळकटीवर शेजारच्या बाईंची कोंबडी. कराडहून निघून मला दोन दिवस झाले होते. डिसेंबर संपत आला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं) आणि त्यांत धानाचे पुंजणे (कापलेल्या पेंढ्यांचे गोल ढीग) दिसत होते. जंगल आता येईल, मग येईल, असं करत ते एकदम दोन्हीकडून अंगावर आलं.

"कुठी उतरता, बाई?" चालकाने विचारलं.

"बौद्ध विहार-विद्यापीठ."

"हाव, मुक्यायचं (मुक्यांचं) कालेज!" तो म्हणाला आणि जीपमधल्या सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कोंबडीनेसुद्धा.

मी तीस वर्षं बसस्थानकावर उद्घोषणा करण्याची नोकरी केली. गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे, कुणाचं पाकीट सापडलं आहे, कुठलं मूल आईला शोधत आहे, हे सगळं सांगणारा आवाज माझा. निवृत्त झाल्यावर पाली शिकायची फार दिवसांची इच्छा उसळून आली. या विद्यापीठात महिनाभराचा निवासी वर्ग होता: वीस दिवस पाली, पुढे दहा दिवस मौन साधना. दोन्ही पूर्ण केलं तर प्रमाणपत्र. मुलगा म्हणाला होता, "आई, पाली तुला जमेल. दहा दिवस गप्प बसणं जमणार नाही." खरं सांगायचं तर मी त्या प्रमाणपत्रासाठीच आले होते. ते मला त्याच्या तोंडासमोर धरायचं होतं.

पहिले वीस दिवस शाळेत गेल्यासारखे गेले. पहाटे चारला घंटा. पाचला वंदना. मग टिनाच्या छपराखाली चाळीस प्रौढ विद्यार्थी एका सुरात 'बुद्धो, बुद्धा, बुद्धं, बुद्धे' म्हणत बसायचे. आमचे भन्ते पूर्वी गणिताचे मास्तर होते. विभक्ती चुकली की ते रागवायचे नाहीत. "पुन्हा करा" एवढंच म्हणायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. दुपारी बारानंतर जेवण बंद. त्यामुळे सकाळी अकराला भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण यांवर आम्ही ज्या गांभीर्याने बसायचो, ते गांभीर्य ध्यानाला बसताना कधी आलं नाही. माझ्या खोलीत प्रज्ञा नावाची अंबाजोगाईची मुलगी होती. ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती आणि झोपेत कलमं म्हणायची.

अडचण मौन सुरू होण्याच्या आदल्या दिवशी आली. वनरक्षकाच्या रूपाने.

या विद्यापीठाची जमीन दोन दात्यांनी दोन वेळी दिली आहे. निवास रस्त्याच्या कडेला आणि ध्यानगृह मामा तलावाच्या (जुन्या मालगुजाराने बांधलेला तलाव) पलीकडे. मध्ये तलावाची पाळ (मातीचा बांध) आणि बांबूचं रान, मिळून एक किलोमीटर. ती वाट मौनाच्या दहाही दिवशी चालत, पावलापावलावर लक्ष ठेवून पार करायची असते. त्याला चंक्रमण म्हणतात.

"वाघीन फिरून राह्यली त्या पाळीवर," वनरक्षक भन्तेंना म्हणाला. "गुपचूप जासान त नाई जमत. आवाज करत जा. मानूस येऊन राह्यला हे तिले समजलं पाह्यजे."

"आम्ही मौनात असणार," भन्ते म्हणाले.

"वाघिनीले मौन समजत नाई, भन्तेजी."

दोघेही आपापल्या नियमाला धरून होते आणि दोघांचाही नियम बरोबर होता. तासभर चर्चा झाली. कुणी घंटा सुचवली, पण घंटेची त्या वाघिणीला सवय होती. माणसाचाच आवाज हवा, असं वनरक्षकाचं म्हणणं. शेवटी असं ठरलं की चाळीस जणांच्या मौनाच्या वतीने बोलायला एक माणूस ठेवायचा. शिवाय प्रत्येकाने डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधायचा. वाघ पाठीमागून येतो. चेहरा दिसला की बिचकतो.

बोलायला आल्या शेवंताबाई. तलावात मासेमारी करणाऱ्या कुटुंबातल्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, आणि आवाज असा की तीस वर्षं माईकसमोर काढलेल्या मलासुद्धा हेवा वाटावा.

"काय बोलू, भन्तेजी?"

"काहीही. फक्त मोठ्यानं आणि न थांबता."

"शिव्या देल्या त चालते का?"

भन्तेंनी जरा विचार केला. "शक्यतो नको," ते म्हणाले.

फोन, घड्याळं, वह्या कार्यालयात जमा झाल्या. शेवटच्या रांगेतल्या खोब्रागडे गुरुजींनी कानाचं यंत्रही जमा केलं. दहा दिवस ऐकायचंच काय आहे, असं ते म्हणाले. ते त्यांचं शेवटचं वाक्य.

पहिल्या सकाळी आम्ही निघालो. सगळ्यांत पुढे शेवंताबाई, मागे पांढऱ्या कपड्यांत चाळीस जण आणि शेवटी भन्ते. माझा दुसरा नंबर, प्रज्ञा माझ्या मागे. शेवंताबाईंच्या डोक्यामागे छापील मिशीवाला एक माणूस होता. मला श्वासावर लक्ष ठेवायचं होतं. तो मिशीवाला माझ्यावर लक्ष ठेवून होता. बाई पुढे पाहून ओरडत होत्या, "हा मोह! हा बी मोह! हा बांबू! हा कोनाचा हात हाय, बांबूच हाय!" दोनच खेपांत रानातली सगळी झाडं संपली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलायला नवरा घेतला. तो संध्याकाळपर्यंत पुरला. मरळ मासा कसा धरावा हे सांगून झालं, भात कसा करपतो हे सांगून झालं. बोलणं संपत चाललंय याची काळजी त्यांच्या आवाजात मला ऐकू यायला लागली. धंद्यातली होते ना मी.

तिसऱ्या दिवशी बांबूच्या वळणावर त्या म्हणाल्या, "पोट्टीले स्थळ आलं पोंभुर्ण्याचं."

आणि चाळीस जणांची पावलं एकदम सावध झाली.

त्यानंतर आमची साधना कुठे गेली, हे मी प्रामाणिकपणे सांगते: पोंभुर्ण्याला गेली. चौथ्या दिवशी पाहुणे आले, खासरातून (छोटी बैलगाडी). मला वाटलं, इकडे अजून अशीच रीत असेल. मी स्वतः जीपमधून आले होते हे माझ्या ध्यानातही आलं नाही. पाचव्या दिवशी पोट्टीचे मास्तर घरी येऊन बापाला म्हणाले, मॅट्रिकची परीक्षा महिन्यावर आहे, पोरगी हुशार आहे, थांबा. सहाव्या दिवशी बापाने मास्तरांना चहा पाजला आणि पोंभुर्ण्याला शब्द देऊन टाकला.

माझ्या पाठीमागे प्रज्ञा दात खात होती. तो आवाज स्पष्ट ऐकू येत होता. मौनात लिहायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, नजरेला नजर द्यायची नाही. मग आम्ही काय करत होतो? रोज सगळ्यांच्या आधी चपला घालून वाटेवर उभे राहत होतो. भन्ते रोजच्या प्रवचनात (तेवढं बोलायची त्यांना मुभा होती) म्हणाले, "साधकांचा चंक्रमणातला उत्साह वाढलेला दिसतो." आम्ही खाली पाहिलं.

सातव्या दिवशी पोट्टी जेवली नाही आणि मोहाच्या झाडावर चढून बसली.

आठव्या दिवशी सकाळी, धुकं विरत असताना, शेवंताबाई पाळीच्या मधोमध थांबल्या. आठ दिवसांत त्या पहिल्यांदाच थांबल्या होत्या. वळून त्यांनी आमच्याकडे तोंड केलं.

"आता तुमीच सांगा. बाप खाली उभा हाय. हो म्हन म्हनते. पोट्टीनं काय कराव? हो म्हनाव का नाई म्हनाव?"

आणि त्या उत्तराची वाट पाहत गप्प उभ्या राहिल्या.

त्या वाटेवर पहिल्यांदाच खरी शांतता पसरली. पाण्यावरची एक पाणकोंबडी तेवढी कुर्र करून बुडाली. मी तोंड घट्ट मिटलं. आणि मग शेवंताबाईंच्या खांद्यावरून, तीसेक पावलांवर, बेशरमाच्या झुडपांतून वाघीण पाळीवर आली.

ती घाईत नव्हती. ती उभी राहिली आणि समोर पाहू लागली. तिच्या समोर होता शेवंताबाईंच्या डोक्यामागचा मिशीवाला. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. शेवंताबाईंना फक्त आम्ही दिसत होतो: डोळे विस्फारलेली, तोंडं उघडी पडलेली चाळीस माणसं.

"बापा!" त्या हळूच म्हणाल्या. "येवढं लागलं का तुमाले?"

कुणीतरी ओरडायला हवं होतं आणि ते मीच, हे मला कळत होतं. पण काय ओरडायचं ते सुचेना. पोटातून आवाज आला तो तीस वर्षांच्या सवयीचा.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!" मी गरजले. "फलाट क्रमांक तीनवर लागलेली गाडी त्वरित सुटत आहे!"

वाघिणीने कान हलवले. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग डेपोतून गाडी निघावी तशी ती सावकाश वळली आणि बांबूत गेली. शेवटी शेपटीचं टोक गेलं.

त्यानंतर जे झालं त्याचं वर्णन करायला मला लाज वाटते. वाघाचं नाव कुणीच काढलं नाही. प्रज्ञा मला ढकलून पुढे आली आणि ओरडली, "नाही म्हणायचं! आधी परीक्षा!" तिच्यामागून सगळी रांग फुटली. "नाही म्हणायला सांगा!" "मास्तरांना बोलवा पुन्हा!" "झाडावरून उतरू नको म्हणावं!" आठ दिवसांचं साठलेलं सगळ्यांनी एकदम ओतलं. आणि त्या गदारोळात सगळ्यांत मागून, गणिताच्या तासाला शोभेल असा एक खणखणीत आवाज आला, "परीक्षा सोडायची नाही!"

ते भन्ते होते.

शेवंताबाई पाळीवर मटकन बसल्या. पदर तोंडाला लावला. "येवढे लोकं तवा कुठी होते वं?" असं काहीसं त्या म्हणाल्या. वाघीण पाहून पायांतलं बळ गेलं असेल, असं समजून मी त्यांना पाणी दिलं. वाघीण त्यांनी पाहिलीच नव्हती, हे मला नंतर सुचलं.

दुपारी भन्तेंनी निकाल सांगितला. "वाघासाठी जे बोललं गेलं ते माफ आहे. परीक्षेसाठी जे बोलले, त्यांचं मौन मोडलं. त्यात मीही आहे. सगळ्यांनी पहिल्या दिवसापासून पुन्हा करायचं." त्यांनी डोळे मिटून घेतले.

मी वाघासाठीही बोलले होते आणि परीक्षेसाठीही. अपवाद फक्त खोब्रागडे गुरुजींचा. त्यांना ऐकूच काही आलं नव्हतं, आणि चालताना ते डोळे पायांवरून काढत नसत. वाघीण आली आणि गेली, हे त्यांना दोन दिवसांनी मौन संपल्यावर कळणार होतं. त्या वर्गाचं प्रमाणपत्र ठरल्या दिवशी मिळणार होतं ते त्यांना एकट्यालाच.

माझं परतीचं तिकीट होतं. पुन्हा दहा दिवस राहणं शक्य नव्हतं. निघताना शेवंताबाई फाटकापाशी आल्या आणि हातात एक पिशवी ठेवली. "रंजनाले देजा. पोट्टी माही. ब्रह्मपुरीले होस्टेलात राह्यते." पिशवीत सुकवलेल्या झिंग्यांची पुरचुंडी आणि तिळाचे लाडू होते. मी काही विचारणार, तेवढ्यात त्या पुढच्या रांगेसाठी तलावाकडे निघूनही गेल्या. लांबवरून आवाज येत होता, "हा मोह! हा बी मोह!"

वसतिगृहाच्या दारात रंजना आली. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. आवाज आईचाच, फक्त हळू लावलेला. ती चांगली बावीस-तेवीस वर्षांची होती. मी गोंधळले.

"तुझी धाकटी बहीण कशी आहे?" मी विचारलं. "पोंभुर्ण्याच्या स्थळाचं काय झालं?"

"बहीन? मी येकटीच आहो." मग ती खो खो हसायला लागली. "पोंभुर्ण्याचं स्थळ? आईनं तुमाले ते सांगितलं का? अवं मावशी, पोंभुर्ण्याचे त माहे बाबा आहेत. आईचंच आहे ते. झाडावर चढून बसली होती म्हनते दिवसभर."

मी वसतिगृहाच्या पायरीवर बसले. तिला सगळं सांगितलं. मौनाचं, वाघिणीचं, चाळीस जण कसे ओरडले त्याचं.

"सगळेच नाई म्हना म्हनले?"

"सगळे. भन्तेसुद्धा."

"आई हो म्हनली तवा," रंजना म्हणाली. तिने एक लाडू फोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. "बरं झालं तुमी तवा नोहोते तिथी. मी कुठची आली असती?"

ती पुन्हा हसली. मी हातावरचा अर्धा लाडू खाऊन टाकला.

कराडला परत येऊन आता दोन महिने झाले. मुलाने प्रमाणपत्राचं विचारलं, तेव्हा मी त्याला वाघिणीची गोष्ट सांगितली. ती सगळ्यांना आवडते, फलाट क्रमांक तीनला तर हमखास हशा येतो. शेवंताबाईंची गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. ती कुठे थांबवावी तेच मला कळत नाही. रंजनापाशी थांबवली तर सगळं छान झालं असं वाटतं, आणि पाळीवर पदर तोंडाला लावून बसलेल्या बाईपाशी थांबवली तर तसं वाटत नाही. दोन्ही खरं आहे.

एक मात्र मनातून जात नाही. आम्ही चाळीस शिकलेली माणसं त्यांना काय करावं ते ओरडून सांगत होतो. मॅट्रिक होऊन तिला पुढे काय व्हायचं होतं, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. आठ दिवसांत त्यांनी आपण होऊन सगळं सांगितलं, झाडांपासून नवऱ्यापर्यंत. तेवढंच सांगितलं नाही.