मला सोडून सगळ्यांना माहीत असलेलं दुखणं

माझ्या हृदयाची झडप खराब आहे हे मला डॉक्टरांनी सांगितलं नाही. विमा कंपनीच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, तेही रागावून.

हुकलेल्या सहलीचा क्लेम का अडकला, एवढंच विचारायला मी नाशिकच्या त्यांच्या ऑफिसात गेले होते. जिना चढून आल्यामुळे धाप लागली होती. ती ओसरायच्या आतच ते म्हणाले, "बाई, तुम्ही शिक्षिका ना? तुम्हीच असं केलंत तर कसं व्हायचं? जुना आजार लपवून पॉलिसी घेतलीत."

"कसला जुना आजार? मला निमोनिया झाला होता."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग आवाज जरा खाली आणला. "तुमच्या हृदयाला लहानपणापासून दोष आहे. आमचे डॉक्टर तुमच्या फॅमिली डॉक्टरांना भेटून आले. त्यांनीच सांगितलं. तुमच्या मिस्टरांनाही माहीत आहे म्हणे."

खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली नाही, लाज वाटली. कॉपी करताना पकडलेल्या मुलीला वर्गात उभं करतात, तशी मी त्या खुर्चीत बसले होते. आणि मी कॉपी केलेलीच नव्हती.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी नाशिक रोडला प्राथमिक शाळेत शिकवायचे. हे सरकारी कचेरीत कारकून. आमची एकुलती एक मुलगी संघमित्रा हायस्कुलात होती. आमच्या कॉलनीतल्या विहाराच्या महिला मंडळाने बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी अशी सहल ठरवली. नकाशावर मुलांना गंगा दाखवून माझं बोट झिजलं, पण मी स्वतः भुसावळच्या पुढे कधी गेले नव्हते. त्यात लुंबिनी नेपाळात, म्हणजे चक्क परदेशात. मी महिनाभर आधीपासून हवेत होते.

सहल कंपनीने सोबत प्रवास विमा दिला होता. आजारपणामुळे जाणं रद्द झालं तर भरलेली रक्कम परत मिळणार होती. पॉलिसी देताना त्यांच्या माणसाने विचारलं, काही जुना आजार वगैरे? मी हसून म्हटलं, "मला काय धाड भरलीय?" हे शेजारीच बसले होते. काही बोलले नाहीत.

निघायच्या आधीच्या पौर्णिमेला आम्ही सगळ्या नाशिकबाहेरच्या डोंगरातल्या त्रिरश्मी लेण्यांवर गेलो. दरवर्षी मी पुढे चढून वरून बायकांना चिडवायचे. या वेळी अर्ध्या पायऱ्यांवरच श्वास अडला, छातीत धडधड सुरू झाली. वय झालं आता, असं म्हणून मी पायरीवर बसले. दोन-तीन दिवसांत आडवं झोपलं की गुदमरायला लागलं, आणि एके सकाळी खोकल्याबरोबर गुलाबी फेस पडला. ह्यांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. शेजाऱ्यांची रिक्षा काढून त्यांनी मला दवाखान्यात नेलं.

तिथे एक्स-रे झाला. ईसीजी झाला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढला. डॉक्टर आले, माझ्या छातीवर बराच वेळ स्टेथोस्कोप धरून बसले. मग म्हणाले, "मिस्टर, जरा बाहेर या." आजारी मी, पण बाहेर हे गेले. परत येऊन ह्यांनी मला सांगितलं, "छातीत पाणी झालंय. निमोनिया आहे. होशील बरी." मंडळाच्या बायका स्टेशनवर जाता जाता मला भेटून गेल्या. त्या गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून रडले.

घरी आल्यावर मी क्लेमच्या मागे लागले. हे सारखं एकच म्हणायचे, "जाऊ दे गं विमल, कोण हेलपाटे घालणार?" मी हट्टी. हक्काचं आहे ते का सोडायचं? ह्यांची टाळाटाळ बघून मी एकटीच त्या ऑफिसात गेले, आणि पुढचं तुम्ही वाचलंच आहे.

तिथून मी सरळ डॉक्टरकाकांच्या दवाखान्यात गेले. माहेरीही तेच आमचे डॉक्टर आणि सासरीही तेच, कारण दोन्ही घरं नाशिक रोडलाच. मी विचारलं, "काका, मला काय झालंय?"

ते म्हणाले, "तुला कोणी सांगितलं?"

हे त्यांचं पहिलं वाक्य. मग बसवलं, पाणी दिलं, आणि इतक्या वर्षांनी समजावून सांगितलं. बाराव्या वर्षी मला ताप येऊन गुडघे सुजले होते. तो ऱ्हुमॅटिक फीवर. यात घशातल्या जंतूंशी लढता लढता शरीर आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतं. माझी एक झडप त्यात जाड झाली. तिला म्हणतात माइट्रल स्टेनोसिस. झडप म्हणजे एका बाजूने उघडणारं दार. ते फुगून चौकटीत अडकलं की पुरेसं उघडत नाही, रक्त मागे फुप्फुसात तुंबतं, म्हणून धाप लागते. ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर महिन्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं असतं.

दर महिन्याचं इंजेक्शन! तुम्हाला त्याची गोष्ट सांगायला हवी. ते 'ताकदीचं इंजेक्शन' होतं. वडील मला दर महिन्याला टोचायला घेऊन जायचे आणि मी दिवसभर लंगडायचे. लग्नानंतर हे सायकलवर डबलसीट नेऊ लागले. एक महिना चुकवला नाही. माझ्या तब्येतीची एवढी काळजी घेणारा नवरा म्हणून मी शाळेतल्या बायकांत मिरवायचे. पुढे मी ते बंद केलं. ताकद भरपूर झाली, आता कशाला कंबर दुखवून घ्यायची? ह्यांनी विनवलं, चिडले, अबोला धरला. पण ते इंजेक्शन कशाचं आहे, एवढं एक वाक्य काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

संध्याकाळी हे कचेरीतून आले. मी दारातच विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. बूट न काढता तसेच खाली बसले. म्हणाले, "लग्नाच्या आधी तुझ्या वडिलांनी मला सगळं सांगितलं होतं. तुला सांगणार नाही असा शब्द घेतला होता माझ्याकडून. म्हणाले, पोरगी धसका घेईल."

वडील तोवर राहिले नव्हते. त्यांच्याशी भांडायची सोयच नव्हती.

मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट उलगडत गेली. मला दुसरं मूल हवं होतं. फार हवं होतं. संघमित्रा पाच-सहा वर्षांची असताना, आणीबाणीतल्या त्या सक्तीच्या दिवसांत, हे एकदा कचेरीतून लवकर आले आणि म्हणाले, नसबंदी करून आलो, साहेबांनी सोडलंच नाही. तेव्हा कितीतरी सरकारी नोकरांवर ती पाळी आली होती, त्यामुळे मला शंकाही आली नाही. त्या साहेबाला मी इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या.

"ते साहेबांनी करायला लावलं होतं ना?" मी विचारलं.

हे बुटाची नाडी सोडू लागले. "डॉक्टरकाका म्हणाले होते, दुसरं बाळंतपण तुला झेपणार नाही."

साहेबाचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. मी इतकी रडले की धाप लागली, आणि ह्यांनी मला पाठीला उशी दिली, तीही मी फेकून दिली. माझ्या पोटी मूल येणार की नाही, हे दोन पुरुषांनी दवाखान्यात बसून ठरवलं होतं. कदाचित मीही तेच ठरवलं असतं. पण मला विचारलं असतं तर ना!

शेजारच्या हिराबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लय नशिबाची हायेस तू. म्हाईत असून केलं त्यानं लगीन. आमच्यात एखाद्यानं सोडून दिली असती." सगळे असंच म्हणायचे. ह्यांचं मन केवढं मोठं! मला कोणी विचारलं नाही, की असं लपवून केलेलं लग्न मला चाललं असतं का.

मी ह्यांना एकच गोष्ट मागितली. म्हटलं, "विमा कंपनीत चला आणि सांगा, हिला माहीत नव्हतं, आम्ही लपवलं."

"चारचौघांत जाऊन सांगू, की बायकोशी खोटं बोललो म्हणून? माझ्या ऑफिसात कळलं तर? पैसे गेले तर गेले, विमल. मी भरून देतो."

"मला पैसे नकोत. तिथे मला खोटारडी ठरवलंय."

ते उठून गॅलरीत गेले. डॉक्टरकाकांनीही हात वर केले. पेशंटला सांगितलं नव्हतं, असं कोणत्या तोंडाने सांगू, म्हणाले. म्हणजे दोघांची अब्रू शाबूत राहावी म्हणून खोटं माझ्या नावावर राहणार होतं. लपवलं तेव्हा निदान माझी काळजी तरी होती. आता तीही नव्हती. आजारापेक्षा मला हे जास्त लागलं.

औषधांनी काही दिवस निभावलं, मग मुंबईला ऑपरेशन ठरलं. मोठ्या हॉस्पिटलात सर्जन आले आणि सवयीने ह्यांच्याशी बोलू लागले. मी म्हटलं, "डॉक्टर, झडप माझी आहे. माझ्याशी बोला." ते चमकले, मग हसले आणि स्टूल ओढून माझ्याजवळ बसले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. हृदयाचं चित्र काढून त्यांनी सांगितलं, "क्लोज्ड व्हॉल्व्होटॉमी करू. बरगड्यांमधून जाऊन, चालू हृदयात बोट घालून झडप मोकळी करायची. धोका आहे, पण तुमचं वय आणि बाकी तब्येत चांगली आहे." मग विचारलं, "इंजेक्शनं का थांबवलीत? ताप परत येऊन गेला असणार. झडप त्यानेच आणखी आवळली."

"ती ताकदीची आहेत असं मला सांगितलं होतं."

सर्जनांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीकडे बघत होते.

ऑपरेशन नीट झालं. बरगड्यांचं दुखणं मात्र विचारू नका, हसायचीसुद्धा चोरी. पण पहिल्यांदा उशीशिवाय सपाट झोपले, तेव्हा केवढा श्वास आत आला! श्वास घ्यायला इतकं सोपं असतं, हे मी विसरूनच गेले होते. त्या वॉर्डातल्या नर्सबाईंची, रक्त देणाऱ्या अनोळखी माणसांची मी रोज आठवण काढते. आज मी जिना न थांबता चढते.

तुमच्यावर अशी पाळी आली तर आजाराचं नाव विचारा. डॉक्टर कोणाला बाहेर बोलावू लागले तर म्हणा, इथेच बोला. विमा घेताना "मला काही नाही" असं म्हणण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून या. आणि तुम्ही घरचे असाल, तर आजारी माणूस धसका घेईल म्हणून गप्प बसू नका. माझ्या आजारातलं संघमित्राला मी सगळं सांगितलं. ती घाबरली, रडली आणि दुसऱ्या दिवसापासून तीच माझ्या गोळ्या काढून द्यायला लागली.

घरी परतल्यावर काही दिवसांनी विमा कंपनीकडून बोलावणं आलं. क्लेम मंजूर झाला होता. तेच अधिकारी उठून उभे राहिले, मला खुर्ची दिली. म्हणाले, "बाई, मागच्या वेळी बोललो त्याबद्दल राग मानू नका. तुम्ही हॉस्पिटलात असताना मुलीला तुमच्याजवळ ठेवून तुमचे मिस्टर मुंबईहून इथे आले होते. म्हणाले, चूक माझी आहे, तिला काही माहीत नव्हतं, मला माफ करा. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या."

मी सही केली आणि बसने घरी आले. आज हे बोलतील, असं मला अगदी नक्की वाटत होतं. ह्यांनी दार उघडलं. "झालं का काम?" मी म्हटलं, "झालं." ते म्हणाले, "बस, चहा टाकतो." चहा पिऊन झाला, कपही त्यांनीच विसळले. मी थांबून राहिले.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ह्यांनी माफी मागितली ती विमा कंपनीची. माझी अजून मागायची आहे.