‘थांब’साठी राखलेली पाळी

वाळूजच्या ज्या लहानशा कंपनीत मी नोकरी करत होते, तिथं आम्ही पॉवर प्रेसचे कंट्रोलर बनवायचो. पत्रा दाबून भाग काढणारी ही मशीन दिसायला मठ्ठ, पण तिच्या आतली चार-पाच इलेक्ट्रॉनिक कार्डं एकाच वायरवरून सारखी एकमेकांशी बोलत असतात. कुणी कधी बोलायचं याचे नियम, म्हणजे प्रोटोकॉल, लिहिणं हे माझं काम. मी प्रत्येक कार्डाला पाळी ठरवून दिली होती. एखादं कार्ड काढा, त्याच्या जागी दुसरं बसवा, बाकीच्यांची पाळी हलायची नाही. आणि प्रत्येक फेरीत एक पाळी फक्त ‘थांब’ या निरोपासाठी राखली होती. कामगाराचा हात साच्याकडे गेला की सेन्सर ‘थांब’ म्हणणार आणि तो निरोप ठरलेल्या वेळेच्या आत पोचणारच, बाकी कितीही गडबड असो. ही पाळी बहुतेक वेळा रिकामी जायची. जायलाच हवी होती.

गिऱ्हाईकाला प्रेस दसऱ्याच्या पूजेला हवी होती. ऐनवेळी त्याला ऑफिसातल्या टीव्हीवर उत्पादनाचे रंगीत आलेखही हवेसे झाले. त्यासाठी नवं कार्ड आलं. त्याला स्वतःची पाळी द्यायची तर सगळी फेरी पुन्हा मांडून तपासावी लागणार होती. मी वेळ मागितला. जेवणाच्या टेबलावर माझा लॅपटॉप उघडाच होता. आमच्या साहेबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

“ही तर रिकामीच जातीय की. हिच्यात बसवा आलेख.”

“सर, ती ‘थांब’ची आहे.”

“मॅडम, मी गंगापूरचा माणूस. आमच्याकडं जीपवाला एक सीट मोकळी ठेवून गाडी हालवत नाय. ‘थांब’ आला तर घुसंल कुठं तरी. सरासरी बघा ना तुम्ही!”

सगळे हसले. मी म्हणाले, प्रेसमध्ये हात सरासरीनं जात नाही. त्यावर कोणी हसलं नाही. प्रत्येकाला एकदम आपापला डबा फार महत्त्वाचा वाटायला लागला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा ते काम माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिलं गेलं.

चाचणीच्या वेळी साहेबांनी स्वतः सेन्सरसमोर लाकडी पट्टी धरली. मशीन दर वेळी थांबली. टीव्ही तेव्हा जोडलेलाच नव्हता, म्हणजे वायरवर आलेख नव्हतेच. मी तेही बोलले. “लई झालं तुमचं,” असं उत्तर मिळालं. दसऱ्याला प्रेसला झेंडूचा हार पडला, पेढे वाटले गेले, आणि टीव्हीवरचे आलेख बघून गिऱ्हाईक खूश झालं.

दिवाळीनंतर एका सकाळी आलेखांची गर्दी झाली आणि ‘थांब’ त्यांच्या मागं खोळंबला. अगदी जरासाच. तेवढ्यात मशीन चालवणाऱ्या कामगाराच्या उजव्या हाताची बोटं गेली.

चौकशीत ठरलं की कामगाराचं लक्ष नव्हतं. आणि मग गुपचूप मलाच बोलावलं, ती पाळी पुन्हा रिकामी करून द्यायला. मी करून दिली. राग गिळून केली, कारण त्या प्रेसवर आता दुसरा कोणीतरी उभा होता. पुढं आमच्या माहितीपत्रकात हीच राखीव पाळी ‘नवी सुरक्षा सुविधा’ म्हणून झळकली. साहेबांनी तिच्यावर भाषणंही दिली. ऐकताना माझं डोकं तडकायचं.

गिऱ्हाईकाच्या कारखान्यात काही महिन्यांनी पुन्हा जाणं झालं. तो कामगार आता गेटवर बसत होता. डाव्या हातानं गेटपास पुढं करत त्यानं विचारलं, “आता थांबती का मॅडम, टायमावर?”

“थांबते.”

“बरं झालं.” मग जरा घुटमळून म्हणाला, “तुमचे सायेब आले होते घरी. म्हणले, मॅडमच्या प्रोग्राममधी चूक राहिली. पर म्या काय मनात धरलं नाय. माणसाच्या हातून व्हतं.”

सगळं खरं माझ्या ओठावर आलं होतं. पण त्या हातासमोर मी सुटून जायला धडपडतेय असंच ते वाटलं असतं. मी पास घेतला आणि आत गेले. कुणाच्या मोठ्या मनाचा मला आयुष्यात कधी एवढा संताप आला नव्हता.