काकांची काचेची कांडी

माझ्या मावशीच्या यजमानांनी ज्यात कांडी बुडवली नाही असा एकही ओला पदार्थ त्या काळी, म्हणजे साठीच्या दशकात, अख्ख्या भोर तालुक्यात शिल्लक नव्हता. काका शाळेत विज्ञान शिकवायचे आणि मी त्यांच्याकडेच राहायचो. स्पिरिटच्या दिव्यावर तापवून त्यांनी काचेची एक कांडी वाकवली होती. एका टोकाला बॅटरी लावायची, वाकलेला भाग पाकात बुडवायचा आणि दुसऱ्या टोकाचा उजेड पाहायचा. पाक जितका दाट, तितका उजेड वाटेतच निसटतो आणि टोकाशी मंद दिसतो, एवढं साधं शास्त्र. पण उजेड नीट दिसावा म्हणून काका डोक्यावरून घोंगडी घेत. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात ते असे चहावर वाकले की लोक 'वाफारा घेतोय बिचारा' म्हणून बाजूला सरकत. चुलतभावासाठी मुलगी पाहायला आम्ही वेल्ह्याला गेलो, तिथं मुलीकडच्यांचीच घोंगडी मागून काका सरबताचा पेला घेऊन आत शिरले. बाहेर येऊन म्हणाले, "साखर बेताची आहे." स्थळ तिथंच मोडलं.

काकांचा खरा सामना मात्र भाटघरच्या बाजूच्या एका गुऱ्हाळावरच्या म्हाताऱ्या गुळव्याशी होता. तो पाकाचा थेंब पाण्यात सोडून बोटांनी गोळी वळायचा आणि रस आटवायची काहील चुलाणावरून कधी उतरवायची ते सांगायचा. त्यानं एकदा तरी कांडीला मानावं, हा काकांचा ध्यास. एका हंगामात उसाचा मालक, म्हणजे माझा मामाच, कांडी लावून बघायला भिडेखातर हो म्हणाला. गुळव्या म्हणाला, उतरवा. घोंगडी म्हणाली, थांबा. अख्खी काहील करपली. उजेड किती मंद झाला की पाक तयार, याच्या खुणा काकांनी केल्या होत्या घरच्या थंड काकवीवर. तापलेल्या पाकात उजेड कमी निसटतो, हे त्यांना जळक्या वासात उमगलं. त्या करपलेल्या गुळाची काळी ढेप ते घरी घेऊन आले आणि वर्षभर आम्ही तिचाच चहा प्यायलो. मावशी एवढंच म्हणायची की यात कांडी घालू नका, तीही कडू होईल.

वर्षभर काका थर्मामीटर लावून पाक उकळत होते आणि नव्या खुणा करत होते. पुढच्या हंगामात घोंगडीतून 'उतरवा' असा आवाज आला, तेव्हा गुळव्याच्या तोंडीही तोच शब्द होता. म्हातारा हसला. "मास्तर, तुमच्या काचंला बी आता हात फुटला म्हनायचा." काका घरी पोचेपर्यंत घोंगडी डोक्यावरून काढायला विसरले होते.

दोन वर्षांनी गुळव्या वारला आणि गुऱ्हाळाचं बोलावणं काकांनाच आलं. मी सोबत होतो. कांडी बुडली, घोंगडीची कड उचलून मी पाहिलं तर उजेड बरोबर खुणेवर आला होता, तरी काका 'उतरवा' म्हणेनात. उतरवायची ना, असं मी वाकून विचारलं.

"थांब जरा," घोंगडीतून आवाज आला. "आधी म्हाताऱ्याला म्हणू दे."

काहील उतरवायला शेवटी मीच सांगितलं.