आर्जव म्हणजे काय, ते माधवनगरात कळलं

फौजेत मी अठ्ठावीस वर्षं काढली. तिथं बोलायचं म्हणजे हुकूम द्यायचा नाहीतर घ्यायचा. साताऱ्यात परत आलो तरी जीभ काही रिटायर झाली नाही, आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमानच होता.

मुलीच्या लग्नाची पत्रिका मी सगळ्यांना मोबाईलवर धाडली. खाली लिहिलं, 'सकाळी नऊला हजर राहणे.' सगळ्यांचे अंगठे आले. आला नाही तो एकट्या मामांचा, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या भावाचा. ते सांगलीजवळ माधवनगरला असतात. आमच्याकडं मामाला दारी जाऊन बोलवायचं असतं. नवरीला हाताला धरून मांडवात आणायचा मान त्याचाच. तोच आला नाही तर पोरीला आणणार कोण?

"जावा, आणि जरा आर्जवानं बोला," बायको म्हणाली.

"हात पसरू त्यांच्याफुडं? मी?"

"आर्जव म्हंजी लाचारी न्हवं. तुमच्याबिगर आमचं अडतंय, हे मानानं सांगायचं. त्यात काय कमीपणा हाय?"

तिनं शिकवावं आणि मी ऐकून घ्यावं, असं आमच्या घरात पहिल्यांदाच घडलं. एसटीत बसलो आणि सांगली येईपर्यंत वाक्यं पाठ केली.

मामांनी दार उघडलं, "बसा" म्हणाले. मी पाठ केलेलं बोलायला गेलो, पण निघालं ते परेडच्या आवाजात, "लग्नाला यायचं! कारण चालणार नाही!"

"हुकूम हाय व्हय?" मामा म्हणाले.

माझं डोकं सटकलं. उठून चपला पायात सरकवल्या. नसलं यायचं तर राहिलं, म्हणणारच होतो, तेवढ्यात वहिनी पाणी घेऊन बाहेर आल्या.

"आवं दाजी, पंधरा दिस झालं, तुमी याल म्हणून ह्यांनी दुपारी पाठ टेकली न्हाई. गाडी वाजली की दारात."

"तू गप गं," मामा खेकसले, पण मान खाली.

इतकी लाज वाटली मला! चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.

"पाव्हणं, माझं चुकलं," मी म्हणालो. "पोरगी रोज विचारती, मामा येणार न्हवं? तिला काय सांगू?"

मामांनी मग खांद्यावरच्या टॉवेलानं तोंड पुसलं.

"सांगा, बापानं आज बोलावलं. मामा येतोय."